कुसुमची पुली

अकोला स्टेशनवर गाडी सुटताना बाबांनी मला पोटाशी धरलं नाही. ते कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर. कामावरून तेलकट कपड्यांत तसेच आले होते. म्हणाले, "मोठ्या मशिनी पाहून भेऊ नको. पट्टा काहून घसरते, थे पयले पाह्य." शेजारी धाकटी बहीण कुसुम उभी होती. मी इंजिनीअरिंग शिकायला शिकागोला निघालो होतो. साठचं दशक नुकतंच लागलं होतं.

भाच्यांनो, तुमच्यातलेही काही आता दूरदेशी गेलेत. म्हणून तुमच्या आईबद्दल हे लिहून ठेवतो.

नोकरी लागल्यावर मी पहिली वस्तू घेतली ती स्टिरिओ टेपरेकॉर्डर. दोन मोठी स्पुलं, तीन आकडी काउंटर, आवाजासरशी थरथरणाऱ्या दोन सुया, डाव्या-उजव्या आवाजाची वेगळी बटणं. टेपवर घरच्यांशी बोललो आणि गावाकडे निघालेल्या मित्राबरोबर मशीन धाडलं. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मरही दिला. पण तिकडची वीज साठ सायकलची, आपली पन्नासची. मोटर हळू फिरणार. इंजिनीअर असून मी हेच विसरलो.

घरी माझा आवाज घोगरा, रेंगाळत आला. बाबा म्हणाले, "पोट्टा पेऊन बोलून राह्यला काय?"

कुसुम तेव्हा मॅट्रिक झाली होती. मशीनवर वेग लिहिला होता, सेकंदाला साडेसात इंच. तिने टेपवर खूण केली, घड्याळ समोर ठेवलं आणि मोजलं. मिनिटाला साडेचारशे इंच टेप जायला हवी, जात होती पावणेचारशे. बाबांचा डबा पोचवताना जिनिंगमधले पट्टे ती लहानपणापासून बघत आली होती. मोटरची पुली मोठी केली की पुढचं चाक जोरात फिरतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने जिनिंगच्या वर्कशॉपमधून एक-पंचमांश मोठी पुली कातून आणली, बसवली, आणि मी माझ्या आवाजात बोलू लागलो.

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी जिनिंगच्या मुनीमजींकडून मला पत्र लिहवलं: पोरीनं सोताच केलं असन त तिले अमरावतीले डिप्लोम्याले धाडतो. खरं काय थे लिह.

माझी चूक उघडी पडेल म्हणून मी लिहिलं, युक्ती मीच कळवली होती.

कुसुम डिप्लोम्याला गेली नाही. पुढे लग्न होऊन अमरावतीच्याच राजापेठेत आली. तिथे स्वयंपाक आटोपून तिने अख्ख्या गल्लीचे रेडिओ दुरुस्त केले, हे तुम्ही पाहिलंच आहे. तुम्हाला वाटायचं, मामाकडून शिकली. मी शिकवलेलं त्यात काही नव्हतं.

मागच्या महिन्यात फोनवर तिच्याजवळ सगळं कबूल केलं. ते पत्र बाबांना मुनीमजींनीच वाचून दाखवलं असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ती म्हणाली,

"मुनीमजी त्या दिवशी नोयते, दादा. मीच वाचून दाखोलं. होतं तसंच वाचलं."

तिने एक शब्द बदलला असता, तर अमरावतीला डिप्लोम्याला गेली असती. घर म्हटलं की आता मला अकोल्याची ती खोली दिसते. बाबा ऐकतायत, आणि माझं खोटं कुसुम जसंच्या तसं वाचते आहे. तुम्ही तिची मुलं आहात, हे कुठेही गेलात तरी मान वर करून सांगा.