पहिली सहा पथकं कुठं गेली?

चौकशीकाकूचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही चटकन आठवायचं नाही. दोघांचं शिलाईचं दुकान होतं, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. तो कापायचा, ही शिवायची. आणि माप घेता घेता गिऱ्हाइकाचं सगळं विचारून घ्यायची, मुलगी कुठं दिलीय, जावई काय करतो, गुडघा कशानं दुखतो. नवरा म्हणायचा, "अगं, त्यांना शर्ट शिवायचाय, सोयरीक नाही जुळवायची!"

गावातल्या स्काउटच्या पोरांचे शर्ट तिच्याच हातचे. तीस वर्षं. डाव्या बाहीवर लाल दोऱ्यानं सात आकडा भरायचा, तोही हातानं, मशीनवर नाही. कारण पथकाचं नावच सातवं पथक. आता गंमत बघ, अख्ख्या गावात पथक एकच. पहिलं नाही, दुसरं नाही, एकदम सातवं! पोरं विचारायची, "काकू, बाकीची सहा कुठं गेली?" तर ही सांगायची, "अरे, सुरुवातीला मुलं सात होती ना, म्हणून." तिला सासऱ्यांनी तसं सांगितलेलं. सासऱ्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

एक दिवस नवे स्काउटमास्तर आले. तरुण, कडक इस्त्रीच्या कपड्यांतले, बोलणं मोजून. बेचाळीस शर्टांचं गाठोडं टेबलावर ठेवलं.

"काकू, हा सातचा आकडा उसवा आणि तिथं एकचा भरा. मुख्य कचेरीचं पत्र आलंय. गावात दुसरं पथक नाही, तर हे पहिलंच म्हणायचं."

"मग आधी सातवं का म्हणत होते?"

"मला काय ठाऊक! मला येऊन वर्ष नाही झालं."

"ठाऊक नाही आणि उसवायचं? बरं आहे की."

मास्तर हसले नाहीत, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "रविवारपर्यंत कारण शोधा. पटलं तर मी कचेरीला लिहीन. नाहीतर कात्री चालवा."

काकूनं गाठोडं जवळ ओढलं. तीस वर्षांचे टाके ते. पण त्याहून जास्त तिला खुपलं की आपण इतकी वर्षं रोज तो आकडा भरला आणि कधी नीट विचारलं नाही. गावाला विचारत बसलो, स्वतःच्या सुईला नाही!

दुसऱ्या दिवशी ती पथकाच्या खोलीत गेली. तिथं एक पत्र्याची पेटी. आत गाठी मारायचे दोर, फाटका तंबू, आणि एक वही. वहीची पहिली पानं कसरीनं खाल्लेली, नेमकी हवी तीच! पण तळाशी एक फोटो सापडला. पथकातल्या अगदी पहिल्या पोरांचा, मागं तसं लिहिलेलं. काकूनं पोरं मोजली. नऊ.

"घ्या!" ती एकटीच मोठ्यानं म्हणाली. "सात कुठली? सासऱ्यांनी गंडवलं की मला!"

दुसरी असती तर फोटो ठेवून घरी गेली असती. पण काकूचा डोळा शिंपिणीचा. तिनं चष्मा पुसला आणि पोरांचे चेहरे सोडून शर्ट बघितले. बाह्या चार चार वेळा दुमडलेल्या. खांदे कोपरापर्यंत उतरलेले. खिसा मोठ्या माणसाचा. आणि नऊच्या नऊ एकाच हातानं कापलेले. पोरांसाठी कुणी असे शिवत नाही. मग एकसारखे नऊ शर्ट आणले कुठून?

फोटोत एक पोरगा दात काढून हसत होता. ते दात काकूनं ओळखले. चौकातल्या लाँड्रीवाल्यांचे आजोबा! आता नव्वदीचे, तोंडात दात एक नाही, पण हसणं तेच. काकू तशीच तिकडे गेली.

"आजोबा, हे शर्ट कुणाचे?"

आजोबांनी फोटो नाकाला लावला आणि खूप वेळ हसले. "अगं, आमच्याच दुकानातले. कुणीतरी धुवायला टाकले आणि न्यायलाच आलं नाही. दोन वर्षं पडून होते. आम्ही पोरांनी पुस्तक वाचून पथक काढलं, तर वडील म्हणाले, घ्या हे."

"आणि सात?"

"सांगतो ना, दम धर. मुख्य कचेरीचे साहेब सायकलवर आले. खूश झाले. नोंदवही काढली, म्हणाले, पथकाचा नंबर काय? आम्ही गार! आम्हाला काय माहीत की नंबर त्यांनीच द्यायचा असतो? वाटलं, आपल्यालाच ठाऊक असायला हवा. मी हळूच शेजारच्याची कॉलर उलटी केली. आत लाँड्रीच्या काळ्या शाईनं लिहिलेलं, सात. गिऱ्हाइकाचा नंबर गं! मी छाती काढून म्हणालो, सात, साहेब! त्यांनी लिहून घेतलं."

काकू धपकन खुर्चीत बसली. मग दोघं इतकी हसली की सून पाणी घेऊन आली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. असलं कारण मास्तरांना कसं पटणार? नवरा म्हणाला, "सांग ना, सात थोर माणसांनी स्थापलं म्हणून. कोण तपासतंय?"

"तसंच सांगत आले की तीस वर्षं," काकू म्हणाली. "आता पुरे."

रविवारी ती मैदानावर गेली आणि मास्तरांसमोर, सगळ्या पोरांसमोर होतं तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला चुकीचं सांगत होते. तुमच्या आईबापांनाही. माफ करा."

काकूनं गाठोडं पुढं केलं. "सांगा, उसवू?"

मास्तरांनी गाठोडं घेतलं. त्यातला वरचा शर्ट काढून बाहीवरच्या आकड्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कचेरीच्याच साहेबांनी लिहून घेतलं? मग तेच लिहितो त्यांना. लाँड्रीसकट. आणि उत्तर येईपर्यंत कात्री लावू नका."

तेवढ्यात मागून एक चिमुरडी ओरडली, "पण काकू, ते शर्ट होते कुणाचे? तो सात नंबरवाला नऊ शर्ट टाकून गेला कुठं?"

काकूनं कपाळावर हात मारला. ते 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे आजोबांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

"चला," मास्तर म्हणाले, "लाँड्री आज उघडी असते का?"