पुन्हा तीच गोष्ट

वडील मिशनच्या शाळेत मास्तर, थोरली बहीणही शिक्षिका. मीही त्याच वाटेला लागले. आपल्याला हे हवंय का, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. नगरच्या ट्रेनिंग कॉलेजातून मला मिरजगावच्या शाळेत मदतनीस म्हणून धाडलं, तेव्हा चाळिसाचं दशक निम्म्यावर आलं होतं.

तिथले हेडमास्तर वयस्कर, मायाळू होते. थोडे दिवस पाट्या तपासून घेतल्यावर त्यांनी पहिलीचा वर्ग माझ्या हाती दिला. कोल्ह्याची गोष्ट मी तोंडपाठ करून गेले होते. दोन वाक्यं झाली नाहीत तोच पोरं हसायला लागली. पुढं बसलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमी काय बोलता ते कळंना."

गलका ऐकून हेडमास्तर आले आणि त्यांनीच वर्ग सांभाळला. दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. सगळ्यांनाच खेड्यातली शाळा मानवते असं नाही, म्हणाले; नगरला निरोप धाडतो, शहरातली एखादी शाळा देतील.

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण अंगात असा राग चढला, की माझं मलाच नवल वाटलं.

"गुरुजी, उद्या मी तीच गोष्ट पुन्हा सांगणार."

"ऐकलेली गोष्ट पोरं परत ऐकतील?"

"त्यांनी ती ऐकलीच नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला शेजारी उभं केलं आणि कळलं नाही तिथं मला थांबवायला सांगितलं. 'भक्ष्याच्या शोधार्थ'पाशीच तिनं थांबवलं. मग थांबवतच राहिली. मी दर वेळी शब्द बदलून सांगत गेले. पोरं हसत होती, पण ऐकतही होती. घंटा झाली तेव्हा गोष्ट निम्मीसुद्धा झाली नव्हती. ती पुरी व्हायला आणखी एक दिवस गेला.

निरोपाचा विषय हेडमास्तरांनी पुन्हा काढला नाही. पुढेही माझे पाठ फसलेच, गणिताचे तर फारच. फसला की तोच पाठ मी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायची.

नाताळात घरी गेले, तेव्हा वडील म्हणाले, नगरमध्येच बहिणीच्या शाळेत एक जागा निघतेय, आपण तिथं बोलून ठेवलंय.

"मला खेड्यातली शाळा हवी," मी म्हणाले. "कॉलेजात तसं सांगूनही आलेय."

"त्यांना नको म्हणून कळवतो," वडील म्हणाले. मग मी घराजवळ येणार म्हणून खूश असलेल्या आईला हे कसं सांगायचं, याचा विचार आम्ही दोघं करू लागलो.