आधी चिचगडात वाचा

वनिताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि हातातले नमुने तपासून संपवले. काम अर्धं टाकून उठलेलं त्यांना मुळीच खपलं नसतं.

ताई सडक अर्जुनीच्या निवृत्त परिचारिका, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करणाऱ्या आमच्या संस्थेच्या विश्वस्त. देणग्या आटल्या त्या वर्षी एकाच संशोधनाला पैसा देता येणार होता. माझा अर्ज रक्तातल्या बदलांवरचा, जीव ओतून लिहिलेला. दुसरा अगदी साधा: रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मुलांचं दुखणं का वाढतं, ते आयांना विचारून नोंदवायचं. ताईंचा दंडक असा, की पैसा मागणाऱ्यानं आधी चिचगडच्या अंगणवाडीत, आजारी मुलांच्या आयांपुढे अर्ज वाचायचा; कोणतं काम आधी, ते त्या हात वर करून सांगणार. मी वाचला. चांगला अर्धा तास! शेवटी एक बाई म्हणाली, "मॅडम, इतकं बोलून राहिल्या, पन हे कायले?" सगळ्या हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

परतताना जीपमध्ये मी फणकारले, "विज्ञान काय हात वर करून ठरवायचं, ताई?"

"विज्ञान नाही, बाई. आधी कोन्तं, तेवढंच. पोरं त्यायचीच आहेत ना?"

पैसा रोवणीच्या अर्जाला गेला. दोन महिने मी अबोला धरला. ताई मात्र दर सोमवारी येऊन माझ्याच टेबलावर डबा उघडायच्या. काय बाई होती! आज बांधीवर, भाताच्या शेतात, जाणाऱ्या आया पोरांसाठी पाणी आणि कोरडे कपडे न विसरता नेतात, ते त्या नोंदींमुळे; भिजलं किंवा तहानलं की दुखणं वाढतं, हे त्यांतूनच कळलं. ताई बरोबर होत्या, हे मी त्यांना कधी तोंडावर सांगितलं नाही... सांगायला हवं होतं.

यंदा संस्थेची पुन्हा तीच ओढाताण. माझा अर्ज परत यादीत, आणि दंडक पाळायला लावणारं कुणी उरलेलं नाही. तरी गेल्या आठवड्यात गेले चिचगडला. बाया नको म्हणाल्या तर अर्ज मागे घ्यायचा, असं ठरवूनच. या खेपेला दहा मिनिटांत, साध्या शब्दांत सांगितलं. एकीनं विचारलं, "यानं माह्या पोरीले फायदा कधी होईन?"

खोटं बोलवेना. "तुझ्या पोरीला नाही होणार. झाला तर तिच्या पोरांना."

तिनं मांडीवरच्या पोरीला सावरून घेतलं. मग म्हणाली, "त मंग करा ना, मॅडम. तिलेबी पोरं होतीनच."

मला तिथेच, सगळ्या बायांसमोर, रडू फुटलं. हे ऐकायला ताई हव्या होत्या हो.