गोदूकाकीचा भराव

खालच्या आळीत कुणाच्या अंगणात पाणी शिरलं की पावसाळा सरल्यावर तो माणूस मातीची गाडी मागवी आणि अंगण शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच करून घेई. पुढच्या वर्षी पाणी शेजाऱ्याकडे जाई. मग शेजारी गाडी मागवी. थळ आणि किहीमच्या मधल्या त्या गावात हे इतकी वर्षं चाललं होतं की आळीतली जुनी घरं खड्ड्यात बसल्यासारखी दिसत. याला भांडण मात्र कुणी म्हणत नसे. गाडी रिकामी होईपर्यंत शेजारीच चहा आणून देत.

एकट्या गोदूकाकीने कधी भराव टाकला नव्हता. तिचं घर आळीच्या टोकाला, मागे सुपारीची लहानशी वाडी आणि वाडीपलीकडे खाजण, खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन. आळीचं सगळं पाणी तिच्या वाडीतून नाल्याला मिळे. ही वाट अडवायची नाही, असं सासऱ्यांनी सांगून ठेवलेलं, ते तिने पाळलं. काकी मोजकं बोलणारी. रागावली की भांडी जरा जोरात घासायची, तिचा राग म्हणून आळीला एवढाच ठाऊक होता.

धर्माने तळं बुजवलं तेव्हाही तिने नुसती भांडीच घासली.

तळं आळीच्या मध्यावर, धर्माच्या वडिलोपार्जित जागेत होतं. खाडीला भरती आली की बांधावरच्या उघाडीचं लाकडी दार पाण्याच्या दाबाने मिटतं आणि नाला तुंबतो. तेवढा वेळ पावसाचं पाणी तळ्यात थांबे आणि ओहोटीला दार उघडलं की निघून जाई. धर्माने तळ्यावर पर्यटकांसाठी कॉटेजेस बांधली, पुढे गाड्या लावायला पेव्हर ब्लॉक बसवले.

त्याच वर्षी जुलैत काकीचा नवरा, भागोजी, दम्याने घुसमटला. आळीत कमरेएवढं पाणी, रिक्षा आत येईना. समोरच्या तुळसाच्या मुलाने, धम्मदीपने, आपल्या घराच्या दाराची फळी काढली आणि चौघांनी भागोजीला तिच्यावर घालून नेलं. काकी फळीला धरून चालत होती. धर्मा आपल्या उंच ओट्यावर कोरडा उभा होता. तळं असतं तर आज रस्ता मोकळा असता, एवढंच काकी त्याला म्हणाली.

"काकी, पाऊस काय माझ्या घरचा हाय?" धर्माने विचारलं.

भागोजी परत आला नाही. फुप्फुसं आधीच गेली होती, तासभर लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टरांनी समजावलं. काकीने ते ऐकून बाजूला ठेवलं. धर्माचं वाक्य मात्र तिने पितळेच्या तांब्यासारखं रोज घासून लख्ख ठेवलं.

दिवाळी झाल्यावर तिने गाड्या मागवल्या. वाडीच्या तोंडाशी जांभ्याचे चिरे रचले, मागे आपल्या अंगणापर्यंत भराव टाकला. ड्रायव्हर पुरे का म्हणून विचारी आणि काकी आणखी टाक म्हणून सांगे. म्हातारीला उशिरा का होईना शहाणपण आलं, असं आळी म्हणाली. तुळसाने नेहमीप्रमाणे चहा आणला.

पुढच्या पावसाळ्यात पाणी वाडीच्या तोंडापर्यंत आलं, चिऱ्यांना लागलं आणि मागे फिरलं. आळी तशी सपाट. भरतीच्या वेळी धर्माच्या पेव्हर ब्लॉकवर गुडघाभर पाणी झालं, मग ते खोल्यांत शिरलं. मुंबईचे पाहुणे डोक्यावर बॅगा घेऊन निघाले. काकी ओट्यावर बसून मोड आलेले वाल सोलत होती. पॅंट वर दुमडून धर्मा आला. दोन चिरे तरी काढू दे म्हणून विनवू लागला.

"पाऊस काय माझ्या घरचा हाय?" काकी म्हणाली आणि पुढचा वाल हातात घेतला.

त्या रात्री तिला झोप इतकी छान लागली की सकाळी दारात तुळसा उभी राहिलेली तिला कळलीही नाही. तुळसाची सून भावना नुकतीच बाळंत झाली होती. मागच्या पडवीतल्या चुलीवर तिच्या आंघोळीचं पाणी तापे.

"धर्माला बुडवलंस, बरं केलंस," तुळसा म्हणाली. "पण गोदे, माझ्या बाळंतिणीची चूल का विझवलीस?"

काकी समोर जाऊन बघून आली. आढ्याला बाळाचा पाळणा टांगलेला आणि खाली फरशीवर आळीचं पाणी. भागोजीला ज्या फळीवरून नेलं, ते दार पुन्हा बिजागऱ्यांना लावलेलं होतं. तेही खालून भिजून फुगलं होतं.

भावनाला आणि बाळाला तिने त्याच सकाळी आपल्या कोरड्या घरात आणलं. माजघरात चूल पेटवली, पाणी तापवलं, बाळाला स्वतः न्हाऊ घातलं. राग यानंतर कमी व्हायला हवा होता, पण तो वाढला. धर्माच्या नावावर आता आणखी एक गोष्ट चढली: त्याच्यापायी आपण तुळसाचं घर बुडवलं.

पावसाळा सरल्यावर पंचायतीने अलिबागहून दिशा नावाच्या इंजिनियर बाईंना बोलावलं. त्या कॅनने रस्त्यावर पाणी ओतत आणि ते जाईल तिकडे मागे चालत. देवळातल्या बैठकीत त्यांनी सांगितलं, सिमेंटची गटारं वाढवून भागणार नाही. भरतीच्या वेळी ती पाणी नेणार कुठे? पाण्याला थांबायला जागा हवी. पागोळ्यांखाली शोषखड्डे घ्यावेत, पेव्हर ब्लॉक काढून माती मोकळी करावी, तळं पुन्हा खणावं आणि तिथून नाल्यापर्यंत दगडगोट्यांची उथळ चर काढून काठाने अळू, कर्दळ लावावी. चर जाणार होती गोदूकाकीच्या वाडीतून.

धर्माचा मोसम बुडाला होता. गाड्यांची जागा तळ्याला देतो, असं तो चटकन म्हणाला. सगळ्यांनी काकीकडे बघितलं.

"वाट देते," ती म्हणाली. "पण जेसीबी नको. जोळ लावा."

खाजणाचे बांध जेव्हा गाव स्वतः राखत असे, तेव्हाची ही रीत. बांध फुटला की घरटी एक माणूस यायचा आणि तोही घरचाच. मजूर पाठवलेला चालत नसे. धर्माने दोन गडी देऊ केले.

"तू यायचं," काकी म्हणाली. "आणि सुरुवात माझ्या वाडीतून. माझा भराव तू उचलायचा."

मी चिरेही उचलतो, म्हणून धर्मा हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

जोळीच्या दिवशी काकीने भागोजीचं घमेलं काढलं आणि फावडं स्वतःच्या हातात घेतलं. इतरांना दुसरं कुणी भरून देई, धर्माला ती भरे. काठोकाठ भरे, वरून थोपटे आणि आणखी एक फावडं टाके. धर्माच्या मानेवरून लाल माती ओघळत होती. भराव टाकायला खाजणाच्या बांधापर्यंत जायचं, तर त्याची प्रत्येक खेप तुळसाच्या दारावरून जाईल अशी वाट काकीने आखली होती. जवळची वाट होती, ती सगळ्यांना माहीत होती. एकानेही धर्माला ती सांगितली नाही.

दुपारी, चिरे निघाल्यावर, तो घमेलं घेऊन वाकला आणि तसाच थांबला. "काकी, काकांच्या वेळी मी तसं बोलायला नको होतं."

"घमेलं नीट धर," काकी म्हणाली. "सांडतंय."

यंदा भरतीच्या ऐन वेळी धो धो पाऊस झाला. तळं काठोकाठ भरलं, आळीत पाऊल बुडेल इतकंच पाणी आलं आणि ओहोटीबरोबर चरीतून उतरलं. भावना लेकराला कडेवर घेऊन दारातून ते पाहत होती. धर्माची कॉटेजेस पुन्हा भरली. पाहुण्यांना तळं आवडलं, म्हणून त्याने 'तलावकाठ' अशी पाटीही लावली. ती पाहून काकीने संध्याकाळभर भांडी घासली.

चरीच्या काठाने अळू मात्र माजलं. काकी सकाळी पानं कापते, जुड्या बांधते आणि घरोघर देते, पहिली तुळसाकडे. धर्माच्या फाटकावरून ती फार सावकाश जाते, जुड्या दिसतील अशा धरून. परवा तो फाटकाशी उभा होता. अळू छान झालंय, असं त्याने स्वतःहून म्हटलं.

"व्हय," काकी म्हणाली. "औंदा पाऊस चांगला हाय."

एक जुडी उरली होती. ती तिने परत जाऊन तुळसालाच दिली.