आधी जुनी नावं

पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमनी मला पेडण्याच्या घरून काम करायची मुभा दिली होती, पण ती उसनी. "नव्या कामाचं प्रात्यक्षिक तिथून नीट दाखव. जमलं तर राहा कायमची, नाहीतर ये परत," असं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. आई गेल्यापासून बाबा घरात एकटे, म्हणून मला राहायचं होतं. बाबांना मी इथे हवी होते की नाही, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

विचारलं की उत्तर ठरलेलं. "तू जा गे बाय पुण्याक. माका कितें जालां? हांव बरो आसां."

हे सांगताना ते कधी माझ्याकडे बघत नसत, परसातल्या माडाकडे बघत. 'राहा' म्हणायला त्यांची जीभ रेटत नसेल, हे मी समजू शकत होते. पण त्यांना खरंच गरज नसेल तर? मग मी कोणासाठी जिवाचा आटापिटा करत होते? या विचाराने माझी फार चिडचिड व्हायची, आणि ती मी चहाच्या भांड्यांवर काढायचे.

प्रात्यक्षिक दुपारी होतं आणि सकाळी मला अवदसा आठवली. सगळं सुरळीत चाललेलं असताना मी कॉम्प्युटरवर एक नवं साधन टाकलं.

माझं काम टर्मिनलमध्ये चालतं. काळी खिडकी, तिच्यात हुकूम टाइप करायचा आणि कॉम्प्युटरने तो पाळायचा. हुकूम कुठल्या कुठल्या फोल्डरात शोधायचे याची त्याच्याकडे एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. तो यादीतल्या एकेका जागी क्रमाने डोकावतो, हुकूम सापडला की कामाला लागतो. नव्या साधनाची जागा या यादीत यावी म्हणून मी सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली, खिडकी बंद केली आणि नवी उघडली.

फायली दाखव, म्हटलं. 'कमांड नॉट फाउंड.' एडिटर उघड. 'कमांड नॉट फाउंड.' इतकी वर्षं रोज वापरलेले साधे साधे हुकूम, आणि एकाचीही ओळख नाही! सगळी डिस्कच गेली असं वाटलं.

तेवढ्यात बाबा चहा आणि पाववाल्या पोदेराकडचा ताजा उंडा घेऊन आले. माझा चेहरा बघून दारातच थांबले.

"कितें जालें, बाय?"

"काही नाही. मोडलं सगळं. तुम्हाला नाही कळायचं."

"बरें," ते म्हणाले. चहा टेबलावर ठेवला. "च्या थंड जाता." आणि गेले.

त्यांच्यावर खेकसून काही दुरुस्त होणार नव्हतं. मी जरा शांत बसले, मग एक गोष्ट सुचली. टर्मिनलला काही हुकूम स्वतःचे असतात, ते कुठे शोधावे लागत नाहीत. त्यांतल्याच एकाने यादी छापून बघितली. यादीत एकच जागा होती, माझी नवी. जुन्या यादीला नवं नाव जोडण्याऐवजी मी यादीच पुसून तिथे ते एकटं नाव लिहिलं होतं.

मला हसूच आलं. बाबांची मुलगी आणि ही चूक! आमच्याकडे नवी स्कूटर येवो की विहिरीवर पंप बसो, बाबा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. आधी जागेचा राखणदार, मग गावची देवी सातेरी, मग रवळनाथ, मग घराण्यातले पूर्वज. आपलं मागणं सगळ्यात शेवटी. लहान असताना मी एकदा कंटाळून म्हटलं होतं, सरळ मागून टाका ना. तेव्हा ते म्हणाले होते, "आदल्यांक सोडून कोणाक मागतलें?" त्यांच्या प्रत्येक वाक्याला आई स्वयंपाकघरातून, हातातलं काम न सोडता, "व्हय म्हाराजा" म्हणायची.

हुकूम हरवले नव्हते. ते आपापल्या जागी होते, तिकडे जायला कॉम्प्युटरला कोणी सांगत नव्हतं इतकंच. मग मी यादीचा नाद सोडला आणि एडिटरचा अख्खा पत्ता टाइप केला, कुठल्या फोल्डरातलं कुठलं फोल्डर, सगळं. तो निमूट उघडला. ती ओळ नीट केली, आधी जुना पाथ जसाच्या तसा, मग नवी जागा. नवी खिडकी उघडून म्हटलं, फायली दाखव. त्याने दाखवल्या. मी गारढोण चहा एका घोटात प्यायले आणि मला तो फार आवडला.

दुपारी प्रात्यक्षिक पार पडलं. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, राहा तिथेच."

बाबांना सांगायला मी धावत बाहेर आले. ते अंगणात तुळशीसमोर उभे होते, पाठमोरे, हात जोडलेले. पुढ्यात नारळ होता. राखणदार, सातेरी, रवळनाथ, पूर्वज, सगळ्यांची नावं घेऊन झाली होती.

"चेडू, म्हजी बाय, भितर संकटांत आसा, म्हाराजा. ताचें कितें मोडलां तें माका कळना. तें सारकें कर."

ते थांबले. आईचं उत्तर मावेल इतकंच थांबले आणि पुढे बोलू लागले.

"हांव ताका पुण्याक जा म्हणटां. ती फट, खरें न्हय, म्हाराजा. घर खावंक येता. ताका हांगाच दवर, ह्या घरांत."

पुन्हा थांबले.

बातमी सांगायची तशीच राहिली.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

बाबांनी वळून पाहिलं नाही. पण पुढचं वाक्य बोलायला त्यांना बराच वेळ लागला.