फिल्मचा कापलेला तुकडा
सिरक्याचा आंबट वास आला की मला शेजारच्या काकूंची फिल्म आठवते. जुन्या फिल्मला तसाच वास येतो. वारलेल्या काकांचं तेवढंच हलतं चित्र होतं. रामघाटावरच्या माझ्या खोलीत ती फिल्म भिंतीवर चालवून मी व्हिडिओ कॅमेऱ्याने उतरवून घेत होतो. आकसलेल्या फिल्मची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसेनात. मी जोर केला आणि ती फाटली. फाटका भाग कापून मी टोकं चिकटवली. कॉपी बघताना काकू म्हणाल्या, "अरे, नावेतून उतरल्यावर हे माझ्याकडे वळून हसले होते ना?" "नाही काकू, तसं काही नव्हतंच त्यात." "असेल बाबा. मीच मनाशी रचलं असेल." येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या नेहमी सांगायच्या, ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. आता काकूही नाहीत. काका हसले होते. मी कापलेल्या तुकड्यात तेच होतं.