अभिमन मास्तरांची ग्रीक मडकी आणि झुंबर अक्काच्या गोवऱ्या

शिंदखेड्याजवळच्या त्या गावात मडक्यांवर अभिमन मास्तरांइतका जीव दुसऱ्या कुणाचा नव्हता, अगदी कौतिक कुंभाराचाही नव्हता. कौतिकला मडकी विकायची असत, मास्तरांना ती नुसती बघायची असत. तीसुद्धा गावातली नव्हेत. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात भाजलेली, काळ्या-तांबड्या रंगात चितारलेली मडकी. ग्रीस कुठे आहे हे मास्तर शाळेच्या फाटक्या नकाशावर बरोबर दाखवत, पण तिथलं एक खापरसुद्धा त्यांनी कधी हातात घेतलेलं नव्हतं.

हे वेड लागलं खुर्चीपायी. इंग्रज गेला त्या साली धुळ्याला एका साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला आणि मास्तर खुर्ची घ्यायला गेले. खुर्ची दुसऱ्याने पळवली. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं म्हणून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ उचलला. त्याची शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे त्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. घरी यशोदाबाई, म्हणजे मास्तरांची बायको, खुर्चीसाठी ओटा सारवून वाट बघत होती. तिने ग्रंथ उलटापालटा केला आणि विचारलं, "यान्हावर बठतस का?"

बसले मात्र मास्तरच. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ती मडकी वर्षानुवर्षं वाचली. त्यातली एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. पुष्कळ चितारी मडक्यावर आपलं नाव घालत नसत, तरी जाणकार माणूस त्यांचा हात ओळखतो. तो कसा, तर चेहरा बघायचा नाही, कान बघायचा. चेहरा काढताना चितारी सावध असतो. कान, घोटा, करंगळी ही तो लक्ष न देता काढतो आणि तिथेच सापडतो.

हे कळल्यापासून मास्तर गावात नुसते कान बघत हिंडू लागले. शाळेच्या भिंतीवर कुणीतरी मोठ्या गुरुजींचं कोळशाने चित्र काढलं, तेव्हा मास्तरांनी पोरांनी चित्रं काढलेल्या सगळ्या पाट्या मागवल्या, कान ताडून पाहिले आणि चित्रकार म्हणून मोठ्या गुरुजींच्याच चिरंजिवांना उभं केलं. मोठे गुरुजी काही फार खूश झाले नाहीत, पण मास्तरांचं गावात नाव झालं. शास्त्राला आपपरभाव नसतो, असं मास्तर त्या दिवशी घरी येऊन म्हणाले. यशोदाबाई तेव्हा भाकरी थापत होती. तिने मान हलवली.

त्या शास्त्राची खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात झाली. झुंबर अक्का म्हणजे गावातलं सगळ्यात तिखट तोंड. अक्का लेकीकडे बोदवडला गेली आणि परत येऊन बघते तो परसातला गोवऱ्यांचा ढीग निम्मा गायब. होळीच्या आधी गेल्या असत्या तर पोरांच्या नावाने शंख करून मोकळं होता आलं असतं, पण होळी केव्हाच जळून गेली होती. अक्काने गल्लीतल्या एकूण एक बाईचं माहेर काढलं. तिचा मुलगा लोटन खाली मान घालून बैलांना पाणी दाखवत राहिला. दोन दिवसांत पाणवठ्यावर झिंज्या ओढण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा पंच तोताराम आबांनी सगळ्यांना चावडीवर बोलावलं.

"मास्तर," आबा म्हणाले, "तुमनी ती ग्रीक इद्या आते गावना कामले येऊ द्या."

मास्तरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. इतक्या वर्षांत त्यांच्या मडक्यांबद्दल गावाने आपण होऊन काही विचारलं होतं ते हे पहिल्यांदा. आज हात ओळखता आला तर विद्या खरी, नाहीतर तो ग्रंथ उद्या दाराला अटकण म्हणून लावायला मोकळे, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि धुतलेली टोपी घातली.

त्यांनी कामही रीतसर मांडलं. अक्काच्या परसातली एक गोवरी आधी आणवली आणि निरखून घेतली. मधलं बोट खोल, करंगळी किंचित उचललेली आणि शेवटी अंगठ्याने कडेला एक खळी. ही खळी अक्का काही मुद्दाम पाडत नसणार, म्हणजे हाच तिचा कान. मग गल्लीतल्या प्रत्येक घराच्या ढिगातून छगन कोतवालाने एकेक गोवरी आणून चावडीच्या पारावर ओळीने लावली. कुठली कुणाच्या घरची हे मास्तरांना अजिबात सांगायचं नाही, अशी अट मास्तरांनीच घातली. नाव कळलं की डोळा लबाडी करतो, असं त्यांचं म्हणणं. ज्या घरच्या ढिगात अक्काचा हात सापडेल ते घर चोराचं, हे सगळ्यांना पटलं.

मास्तर वाकून वाकून बघत ओळीने पुढे सरकले. ही थापणारी घाईतली. हिचा तळवा रुंद. इथे चारच बोटं उमटलीत. लोक श्वास रोखून बघत होते आणि मास्तरांना मनातून उकळ्या फुटत होत्या. शेवटून तिसऱ्या गोवरीपाशी ते थांबले, बसले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खोल मधलं बोट, उचललेली करंगळी, कडेला खळी.

"हाच तो हात," मास्तर म्हणाले.

छगन कोतवाल खाकरला. "गुरुजी, आखो येकडाव दखी ल्या."

"दहादा पाहिलं."

"आखो दखा ना गुरुजी."

"छगन, तू शास्त्राच्या मध्ये येऊ नकोस. कुणाच्या घरची आहे ती सांग."

छगनने पागोटं काढून डोकं खाजवलं. "तुमना घरनी."

मग झुंबर अक्का उठली, तिने गोवरी हातात घेतली, खळीत स्वतःचा अंगठा बसवून पाहिला. तो नेमका बसला. "हाई मन्हीच गवरी शे," ती म्हणाली.

बायकांच्या मागे उभी असलेली यशोदाबाई पुढे आली. तिने अक्काच्या हातून ती गोवरी काढून घेतली. भांडली नाही, रडली नाही. नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "इतला वरीस मन्ह्या गवऱ्यास्वर रांधेल खादं तुम्ही. येकडाव तरी दख्या का?" आणि गोवरी पदराखाली धरून घरी गेली.

आबांनी अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, निवाडा पुढे ढकलला, कारण मास्तरांच्या बायकोला चोर म्हणायला त्यांची जीभ रेटेना. बाकीच्यांच्या जिभांना ती अडचण नव्हती.

अखजीला खानदेशात घरोघरी नवी घागर पुजतात. कौतिक कुंभार गाढवावर घागरी लादून गल्लीत आला आणि सगळ्यांच्या देखत लोटनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लोटनभो, तुन्ह्या गवऱ्यास्नी आच भारी लागनी. येक घागर तडकनी नही."

आई बोदवडला असताना लोटनने आपल्या दोस्ताच्या, कौतिकच्या, भट्टीला गाडीभर गोवऱ्या देऊन टाकल्या होत्या आणि आईचा अवतार बघून त्याची दातखीळ बसली होती. शेजारणीवर आळ आला तरी ती सुटली नाही. अक्काने त्याचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. पण तोवर गल्लीतल्या प्रत्येक घरात नवी घागर येऊन पडली होती. आबांच्याही घरात. चोरीचा माल सगळ्या पंचांनी गार करून प्यायला होता, तेव्हा दंड कुणी कुणाला करायचा हा प्रश्नच उरला नाही.

मग त्या खळीचं काय? ते अक्कालाच आठवलं. "हाई जळगावनी पोर नवी नवरी व्हईसन उनी, तवय शेनले हात लावाले कचरे," ती यशोदाबाईकडे बोट दाखवून म्हणाली. "मन्हा हात हिना हातवर ठी ठी मीच शिकाडं."

मास्तरांनी चावडीवर उभं राहून खुलासा केला. शास्त्र चुकलं नाही. गुरूचा हात शिष्याच्या हातात उतरतो, आणि हे बहुधा वाळवीने खाल्लेल्या पानांत असणार. "आमच्या घरात कुणी चोरी केलेली नाही," असं त्यांनी जाहीर केलं. गावाचं समाधान झालं. यशोदाबाईचं झालं नाही. ती जेवायला वाढत होती, पाणी देत होती, पण भिंतीवर गोवरी थापली की ओल्या हाताने ती गुळगुळीत करून टाकत होती. बोट नाही, करंगळी नाही, खळी नाही. येता-जाता ती कोरी भिंत मास्तरांना दिसायची. ग्रीसमधल्या मेलेल्या चिताऱ्यांचे घोटे त्यांना पाठ होते आणि घरातला हात त्यांनी ओळखला तो चोर म्हणून. ग्रंथ उघडायची त्यांना लाज वाटू लागली.

एके दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला मास्तर धोतर खोचून भर रस्त्यावर शेणाच्या घमेल्यापाशी बसले. त्यांनी थापलेली पहिली गोवरी भिंतीवरून घसरली. दुसरी टोपीवर पडली. आबा थांबले, छगन थांबला, गल्ली गोळा झाली. यशोदाबाई दारात आली.

"शाळा नही का आज?"

"शे. पन पह्यले हाई शिकसू."

ती घमेल्यात डोकावली. "पानी जास्त व्हयनं. भुसा टाका." मास्तरांनी भुसा टाकला. गोवरी तरीही वाकडीच चिकटली. तेव्हा तिला राहवेना. तिने पदर खोचला, गोळा उचलला आणि भिंतीवर मारला. हात काढताना सवयीने अंगठा कडेला टेकला आणि खळी पडली.

छगनला खोड काढल्याशिवाय चैन पडत नसे. "सांगा गुरुजी, हाई कोनी?"

लग्नात उखाण्यातून घेतलं त्यानंतर मास्तरांनी बायकोचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. गावात कुणीच काढत नसे; 'आमच्या घरात' म्हटलं की भागायचं. मास्तर उठले, शेणाचे हात मागे धरले आणि मोठ्या गुरुजींच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "यशोदानी."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आबांनी मान दुसरीकडे फिरवली. यशोदाबाईने डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढला, पण आत गेली नाही. घमेल्यात उरलेलं शेण तिने तिथेच उभं राहून थापून संपवलं आणि त्यातली एकही गोवरी गुळगुळीत केली नाही.